जाड चावी बारीक करण्याबाबत

सी-४०३ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मोटारींची जाण असलेले बरेच सभासद आहेत, म्हणून एक शंका विचारते. आमच्या गाडीची चावी घडी होणारी नाही. पाते कायम बाहेर असते आणि मागच्या काळ्या मुठीत रिमोटची बटणे आहेत. ती यांच्या पँटच्या खिशात मांडीला टोचते आणि माझ्या कुर्त्याच्या खिशात मावतच नाही. पहाटे टेकडीवर जाताना पर्स न्यायची नसते, पण गाडी पायथ्याशी लावायची असल्यामुळे चावी मात्र जवळ बाळगावी लागते. मूठ कापून पाते आणि कडी एवढेच ठेवले तर चालेल का? नाहीतर पात्याची साधी नक्कल करून देतो, असे चौकातल्या चावीवाल्याने सांगितले आहे.

बी-१०१ : ताई, मूठ कापण्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. बारीक दातांच्या करवतीने बटणांच्या वरचा भाग उडवायचा, कडा कानशीने घासायच्या आणि उघड्या राहिलेल्या जागी अराल्डाइट भरायचे. अर्ध्या तासाचे काम आहे.

ए-७०१ : वहिनी, करवत हातात घेण्यापूर्वी कृपया हे वाचावे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझी बरीच नोकरी झाली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण जिला एक चावी म्हणतो तिच्यात तीन वस्तू असतात आणि त्या बहुधा एकमेकींवर अवलंबून नसतात. पहिली वस्तू म्हणजे धातूचे पाते, जे दाराचे आणि स्टार्टरचे कुलूप फिरवते. दुसरी रिमोटची पट्टी, जी सेलवर चालते आणि फक्त दारे उघडण्या-लावण्याचे काम करते. तिसरी वस्तू बाहेरून दिसत नाही आणि सगळा घोटाळा तिच्यामुळेच होतो. ती म्हणजे चोरीप्रतिबंधक चिप, जिला गाडीच्या माहितीपुस्तिकेत इमोबिलायझर म्हटलेले असते. या चिपला सेल लागत नाही. स्टार्टरच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. चावी फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यावरच चिपला वीज मिळते आणि ती गाडीला उत्तर पाठवते. रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते ती याच कारणाने.

या चिपमध्ये नुसता ठरलेला क्रमांक असता तर तो चोरून ऐकता आला असता. म्हणून पुढच्या पिढीतल्या चिप निराळ्या पद्धतीने काम करतात. गेटवरच्या रखवालदाराने आपल्याला दर वेळी नवे गणित घालावे आणि ते सोडवण्याची रीत फक्त त्याला आणि आपल्याला ठाऊक असावी, तसा हा प्रकार आहे. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर इंजिनाचा संगणक इंधन किंवा ठिणगी तोडतो. काही गाड्यांत स्टार्टर फिरतो आणि इंजिन क्षणभर चालून बंद पडते, काहींत स्टार्टरच फिरत नाही, आणि डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. चावीवाल्याची साधी नक्कल वापरलीत तर दार उघडेल आणि गाडी जागची हलणार नाही.

आता करवतीबद्दल. चिप मुठीत नेमकी कुठे बसवली आहे हे बाहेरून कळत नाही. काही चाव्यांत ती साधारण १२ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी काळी वडी असते. काहींत ती काचेच्या बारीक नळीत असते, आणि त्या नळीला करवतीचा एक दात लागला तरी खेळ संपला. काही चाव्यांत तर वेगळी चिप नसतेच, तिचे काम रिमोटच्या पट्टीवरचाच एक भाग करतो. अशा चावीतून रिमोट बाहेर काढला की चिपही बाहेर गेली. त्यामुळे कापण्याचा विचार नंतर, आधी मूठ उघडून आत काय आहे ते पाहणे. बहुतेक मुठी एका बारीक स्क्रूवर किंवा खाचेवर बंद होतात आणि खाचेत नाणे घालून फिरवले तरी उघडतात.

बी-१०१ : काका, एवढे असेल तर सोपा उपाय सांगतो. साध्या नकलेने दार उघडते ना? मग खरी चावी गाडीतच डिकीत ठेवावी, नकलेने दार लावावे आणि ते सपाट पाते घेऊन टेकडी चढावी. परत आल्यावर दार उघडून खरी चावी घ्यावी. पाते कुर्त्याच्या खिशातही मावेल.

ए-२०५ : दादा, युक्ती चांगली आहे, पण विम्याच्या बाजूने पाहता ती मला पटत नाही. या व्यवसायात असल्यामुळे स्पष्ट लिहितो. मोटार चोरीला गेली की विमा कंपनी एफआयआर आणि आरसीबरोबर मूळच्या दोन्ही चाव्या मागते. एक चावी गाडीतच होती असे सांगावे लागले, तर मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हा मुद्दा उभा राहतो, आणि मग दावा अडतो, कमी होतो किंवा नाकारला जातो. काच फोडणाऱ्याला डिकीत चिपवाली चावी सापडली तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा उपयोगही राहत नाही. माझे दुसरे म्हणणे असे की मूळच्या दोन चाव्यांपैकी एकीवरही करवत चालवू नये. तुकडे केलेली चावी सादर केली तर निदान चार प्रश्न जास्त विचारले जातील.

सी-४०३ : म्हणजे मूळ चाव्यांना हात लावायचा नाही, साधी नक्कल चालणार नाही आणि डिकीही नको. मग उरले काय?

ए-७०१ : वहिनी, उरते ती तिसरी चावी. बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त आवृत्तीबरोबर कंपनीच बटणांशिवायची, लहान डोक्याची आणि चिप असलेली चावी देते. तीच आपल्याला हवी आहे. अधिकृत सेवा केंद्रात आरसी आणि ओळखपत्र दाखवून अशी चावी मागवता येते. गाडीच्या क्रमांकावरून ते पाते कापून आणतात आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासण्यासाठी संगणक जोडण्याची जागा) यंत्र जोडून नव्या चिपची ओळख गाडीला करून देतात. खर्च चावीवाल्यापेक्षा बराच जास्त येईल, पण मूळ दोन्ही चाव्या अखंड राहतील आणि खिशात फक्त पाते आणि अंगठ्याच्या पेराएवढे डोके जाईल.

सेवा केंद्रात ती मिळाली नाही, तर दुसरा मार्ग आहे. बाजारात रिकामी लहान मूठ मिळते, जिच्यात चिपची जागा असते पण बटणांची नसते. मूळ मुठीतली चिप सुटी निघत असेल तर ती लहान मुठीत ठेवायची, नव्या पात्यावर खाचा कापून घ्यायच्या आणि रिमोटची पट्टी जुन्या मुठीतच राहू द्यायची. यात काहीही कापले जात नाही आणि विमा कंपनीसमोर जायची वेळ आलीच तर सगळे पूर्ववत करता येते. फक्त चिप हाताळताना जपावे आणि ती नव्या जागेत हलणार नाही इतपतच डिंक लावावा. अराल्डाइटने जागा गच्च भरू नये, कारण पुढे चिप काढायची झाली तर मूठ फोडावी लागते.

हौशी मंडळींच्या एका चुकीबद्दल वेगळे लिहितो. डोके जितके लहान तितके चांगले असे नाही. कुलूप फिरवायला जो जोर लागतो तो बोटांना त्या डोक्यातूनच मिळतो. डोके फारच लहान केले तर पाते दोन बोटांत चिमटून फिरवावे लागते, ते मुळाशी वाकत राहते आणि एखाद्या दिवशी तुटून अर्धे कुलपात राहते.

बी-६०४ : आमची गाडी बटणावर सुरू होते आणि तिची गोल गुळगुळीत चावी तर साबणाच्या वडीएवढी आहे. आम्हालाही यातले काही करता येईल का?

ए-७०१ : तुमच्या चावीला कापणे बिलकूल नको. तिच्या पट्टीवर तीन दिशांना संवेदनशील असलेले वेटोळे बसवलेले असते, म्हणून चावी खिशात कशीही पडलेली असली तरी गाडीला ती सापडते. पट्टी छाटली तर ते बिघडते. बाहेरचे रबरी आवरण आणि कंपनीचा चामडी पाउच काढून टाकलात तर जाडी बरीच उतरेल. आत एक लहान आपत्कालीन पाते दडवलेले असते, ते मात्र काढून घरी ठेवू नये. सेल संपल्यावर दार उघडायला तेच उपयोगी पडते, आणि नंतर चावी स्टार्टच्या बटणाला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात. चावी मोबाइलला चिकटवून ठेवू नये, असे बऱ्याच पुस्तिकांत लिहिलेले असते. रेनोच्या ट्रायबर आणि कायगर या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत चावीऐवजी कार्ड येते, पण तेही पाकिटात सहज सरकेल इतके पातळ नसते.

सी-१०२ : ताई, काका, मी डॉक्टर म्हणून एकच गोष्ट सांगते. मूठ उघडाल तेव्हा आतला सेल टेबलावर सुटा ठेवू नका. या चाव्यांत बहुधा सीआर २०३२ सेल असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाड. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालयात जावे. जुना सेलही घरच्या कचऱ्यात टाकू नये.

ए-५०२ : खरे तर निम्मी जाडी आपणच चावीला जोडलेली असते. आमच्या जुडग्यात पितळी गणपती, घराच्या दोन किल्ल्या, लेटरबॉक्सची किल्ली, कपाटाची किल्ली आणि शोरूमने दिलेला चामडी बिल्ला होता. तेवढे सगळे काढल्यावर मूळची चावी मला पुरेशी सुटसुटीत वाटू लागली.

ए-७०१ : हा मुद्दा फक्त खिशापुरता नाही. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला शेव्हरोले कोबाल्टसारख्या लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्टार्टरचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने चालत्या गाडीत चावी मागे फिरत असे, इंजिन बंद पडत असे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांनी चावीला दुसरे काहीही अडकवू नये असे कंपनीने कळवले होते, आणि त्याच वर्षी परत बोलावलेल्या आणखी काही गाड्यांत उपाय म्हणून चावीच्या डोक्यातली लांबट खाच बुजवून तिथे लहान भोक ठेवले गेले, म्हणजे जुडगा एका बाजूला सरकून चावीवर तरफेसारखा जोर देणार नाही. दोष अर्थातच स्विचचा होता आणि आपल्या गाड्यांत तो आहे असे मी म्हणत नाही. तरीही बाकीच्या किल्ल्या वेगळ्या कडीवर ठेवाव्यात, या ए-५०२ च्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. दोन भागांत सुटणारी कडी मिळते, ती लावावी.

बी-१०१ : माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांत किल्ल्या चाकूसारख्या मिटवून ठेवायचे साधन आहे. त्यात ताईंची तिसरी चावी बसेल का?

ए-७०१ : बसेल, पण चिपचे डोके धातूच्या पट्ट्यांमध्ये येता कामा नये. धातू जवळ असला की कुलपाभोवतालच्या वेटोळ्याचे क्षेत्र चिपपर्यंत नीट पोहोचत नाही आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. तसेच चिपवाल्या दोन चाव्या एका कडीत ठेवू नयेत, दुसरी कुलपाजवळ लोंबत असेल तर गाडी गोंधळू शकते. दोन गाड्या असणाऱ्यांना हा अनुभव येतो आणि ते विनाकारण बॅटरी बदलतात.

सचिव : चर्चा उपयुक्त आहे. यांत्रिक पार्किंगमधील सभासदांना एक विनंती आहे. गाड्या हलवण्यासाठी रखवालदाराकडे चावी ठेवावी लागते, तिच्यासाठी अशी बटणांशिवायची तिसरी चावी करून घेणार असाल तर चांगलेच आहे, परंतु तिच्याने गाडी पूर्णपणे चालवता येते हे लक्षात ठेवून तिची नोंद रजिस्टरमध्ये करावी. साधी, बिनचिपची नक्कल देऊन उपयोग नाही.

ए-२०५ : सचिव साहेब, त्यात एक भर घालतो. अशी चावी कधी हरवली तर लगेच सेवा केंद्रात जाऊन हरवलेल्या चिपची नोंद गाडीच्या स्मृतीतून काढून टाकावी. त्यासाठी उरलेल्या सगळ्या चाव्या बरोबर न्याव्यात, कारण पुष्कळ गाड्यांत जुन्या नोंदी पुसून हातात असलेल्या चाव्यांचीच नव्याने ओळख करून देतात.

सी-४०३ : सर्वांचे आभार. सेवा केंद्रात तिसरी, चिपवाली आणि बटणांशिवायची चावी मागवायचे ठरवले आहे. मूळच्या दोन्ही चाव्या, एक रिमोटसह वापरात आणि एक कपाटात, तशाच राहतील. शेवटची शंका अशी की त्या चावीला बटण नसेल, तर पहाटे गाडी पात्याने उघडताना काही अडचण येईल का?

ए-७०१ : येऊ शकते, आणि ती आधी तपासून घ्यावी. काही गाड्या रिमोटने बंद केल्या आणि पात्याने उघडल्या की चोरी होत आहे असे समजून हॉर्न वाजवतात. चिपवाली चावी स्टार्टरमध्ये घालून फिरवली की तो थांबतो. म्हणून ज्या दिवशी ही चावी न्यायची, त्याच्या आदल्या रात्री गाडी रिमोटने न लावता पात्यानेच लावावी, म्हणजे हॉर्न बहुधा मध्ये येणार नाही. पहिली चाचणी मात्र दुपारी करावी.

सचिव : आणि शक्यतो बेसमेंटऐवजी गेटबाहेर, कारण बेसमेंटमध्ये हॉर्न फार घुमतो आणि पहिल्या मजल्यावरील तक्रारी माझ्याकडे येतात.