मदत हवी आहे: 1916 च्या आयरिश जाहीरनाम्याची खिळेछपाई

डब्लिनच्या ईस्टर उठावाचा (ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश बंडाचा) जाहीरनामा सगळ्यांना माहीत असतो, तो छापताना झालेली ओढाताण सहसा नाही. 23 एप्रिल 1916, डब्लिनमधला लिबर्टी हॉल (कामगार संघटनेची इमारत), जुनं व्हार्फडेल छपाईयंत्र, दोन जुळारी (अक्षरं जुळवणारे) आणि एक यंत्रचालक. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, इतके अपुरे की मजकूर एकदम जुळवताच येईना. आधी वरचा अर्धा भाग छापला, मग खिळे सोडवून खालचा जुळवला आणि तेच कागद पुन्हा यंत्रातून काढले. त्यामुळे दोन भागांमधलं अंतर प्रत्येक प्रतीत थोडं वेगळं. 'ई'चे खिळे संपल्यावर दुसऱ्या वळणाचे घातले. एका मोठ्या 'एफ'ला तर मोहोर करायची लाख लावून 'ई' केलं! बेत 2,500 प्रतींचा, निघाल्या साधारण 1,000.

प्रदर्शनासाठी याच दोन फेऱ्यांच्या पद्धतीने 30 × 20 इंची प्रतिकृती करायची आहे. खिळेछपाई केलेल्यांनो, एवढं सांगा:

दुसऱ्या फेरीत कागद तिरका जाऊ नये म्हणून टेका कुठे लावावा? पहिल्या फेरीची शाई किती वाळू द्यावी? आणि लाखेचा तुकडा दाबाखाली किती प्रती टिकेल? माझ्या मते लवकरच तडकेल. हलक्या प्रतीचा कागदच वापरणार, मूळही तसाच होता.