ऑक्टेव्हियाच्या नव्या ड्राइव्ह शाफ्टसोबत बोल्ट-नट आले नाहीत; योग्य माल कसा शोधावा?

दिग्रस_शिवार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १.९ टीडीआय इंजिनाची जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आहे. शेताकडे जाणारा पांदण रस्ता पऱ्हाटीच्या धसकटांनी भरलेला असतो. त्यांतल्याच एकाने डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा बूट, म्हणजे जॉइंटवरचे रबरी आवरण, फाडला, ग्रीस बाहेर पडले, काळी माती आत शिरली आणि वळणावर जॉइंट कडकड वाजू लागला. मूळ कंपनीचा शाफ्ट परवडण्याजोगा नसल्याने मी नागपूरहून दुसऱ्या कंपनीचा पूर्ण शाफ्ट मागवला. शाफ्ट चांगला दिसतो, परंतु खोक्यात गिअरबॉक्सच्या फ्लँजला (शाफ्ट जोडण्याच्या चकतीला) लागणारे सहा बोल्ट, त्यांच्या खालच्या पट्ट्या आणि हबचा (चाकाच्या मध्यभागाचा) नट यांपैकी काहीच नाही. जुन्या बोल्टांपैकी दोघांची डोकी आतून घासली गेली आहेत आणि एका जागी आधीच्या कुणा मिस्त्रीने साधा षटकोनी बोल्ट बसवलेला आहे, ज्यावर कोणताही अंक नाही. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातून तेवढ्याच जाडीचे बोल्ट आणले तर चालतील का? हबचा जुना नट पुन्हा वापरता येईल का?

वऱ्हाडी_फिटर
भाऊ, जाडी जुळली म्हणजे बोल्ट जुळला असे या ठिकाणी कृपया समजू नका. इंजिनाचा सगळा जोर शाफ्टपर्यंत पोहोचतो तो फ्लँज आणि जॉइंट एकमेकांवर घट्ट दाबले गेल्यामुळे. बोल्टाचे काम हा दाब टिकवण्याचे आहे. कमी ताकदीचा बोल्ट ताणला जाऊन सैल पडतो, मग दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकू लागतात, आणि एकदा ती सरकण सुरू झाली की उरलेले बोल्टही ढिले होतात किंवा तुटतात. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट साधारण ६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा लांबत नाही, तर १०.९ लिहिलेला ९०० पर्यंत. अंकच नसलेल्या बोल्टाची ताकद किती, हे दुकानदारही सांगू शकत नाही. तो आधी काढून टाका. एखाद्या मूळ बोल्टाच्या डोक्यावरचा अंक पुसून वाचा आणि त्याहून खालच्या दर्जाचे काहीही घेऊ नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. तालुक्याच्या दुकानात ट्रॅक्टरचा माल जास्त असतो आणि काही जुन्या ट्रॅक्टरांचे बोल्ट इंची आट्यांचे असतात. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे हातात घेतल्यावर तो एम ८ सारखाच वाटतो. पण एम ८ चा पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिलिमीटर असतो आणि याचा तेवढा नसतो. दोन आटे सहज जातात, तिसऱ्याला अडकतो, आणि तिथे पान्याचा जोर लावला की फ्लँजचे आटे गेलेच. त्यामुळे नवा बोल्ट आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत जातो का, ते पाहावे.

आर्वीकर
माल मिळवण्याबाबत लिहितो. या पिढीच्या गाड्यांत जॉइंट दोन मापांचे येतात: १०० मिलिमीटर व्यासाच्या जॉइंटला एम ८ आणि १०८ मिलिमीटरच्या जॉइंटला एम १० बोल्ट. म्हणून केवळ गाडीचे नाव सांगून मागणी करू नका. व्हर्निअरने जुना बोल्ट मोजा, लांबी डोक्याच्या खालून धरा, आणि दुकानदाराला बोल्ट व पट्टी दोन्हींचा फोटो पाठवा. सुटे नग मागायची पाळी येण्यापेक्षा त्याच मॉडेलचे बूट किट घ्यावे असे माझे मत आहे, कारण त्यात क्लिप, सरक्लिप, ग्रीस आणि हबचा नट बहुधा एकत्र मिळतो आणि काही कंपन्यांच्या किटमध्ये बोल्टही असतात. मागवण्यापूर्वी यादी मात्र विचारून घ्या. अमरावती, अकोला किंवा नागपूरला फक्त नट-बोल्ट विकणारी दुकाने आहेत. तिथे १२.९ दर्जाचे अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) मिळतात, पण ते ठरावीक लांबीत येतात. मूळ बोल्ट ४८ मिलिमीटरचा आणि हाती आलेला ५० चा असेल, तर फ्लँजच्या मागे निघालेले टोक गिअरबॉक्सच्या अंगाला घासत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून तपासावेच लागते. पट्ट्या सोडू नका. एक पट्टी दोन बोल्टांखाली बसते आणि दाब पसरवते.

हबचा नट नवाच घ्या. तो स्वतःची पकड धरणारा असतो आणि एकदा सोडल्यावर ती पकड पूर्वीसारखी राहत नाही.

दिग्रस_शिवार
दोघांचेही मनापासून आभार. मोजले: जॉइंट १०० मिलिमीटर, बोल्ट एम ८, लांबी ४८. अमरावतीच्या दुकानाने मूळ धाटणीचे सहा बोल्ट, तीन पट्ट्या आणि नवा नट देण्याचे मान्य केले आहे. आता घासलेल्या डोक्यांचे दोन बोल्ट कसे काढावेत, आणि बसवताना काय सांभाळावे?

वऱ्हाडी_फिटर
त्या डोक्यांत बारा टोकांचा खाचा असतो. कुणीतरी अ‍ॅलन की घातली म्हणूनच ती घासली गेली. त्यासाठी एम ८ मापाचा बारा टोकांचा बिट घ्या. आधी खाच्यातली वाळलेली माती आणि ग्रीस टोकदार तारेने पूर्ण उकरून काढा, बिट हातोडीने तळापर्यंत बसवा, मगच फिरवा. तरीही न फिरल्यास डोक्याची कड छिन्नीने सोडण्याच्या दिशेने हळूहळू ठोकावी.

बसवताना फ्लँजचा पृष्ठभाग आणि आटे ग्रीसमुक्त करा. सहाही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आधी हलके, सुमारे १० न्यूटन मीटर, आणि मग टॉर्क पान्याने ४० पर्यंत आवळा. हबच्या नटाचा टॉर्क नटाच्या प्रकारानुसार बदलतो, तो आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा. नट ढिला असताना गाडीचे वजन त्या चाकावर येऊ देऊ नका, गाडी ढकलूसुद्धा नका, कारण चाकाचे बेअरिंग त्यानेच खराब होते. यवतमाळपर्यंत एक फेरी झाली की फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या.