मदत हवी आहे: इंग्रजी 'रन' मुलांना कोणत्या क्रमाने शिकवू?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमाची आठवी-नववीची काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येतात. पुस्तकाबाहेरचा उतारा दिला की गाडी कठीण शब्दांवर अडत नाही (ते कोशात बघतात), अडते ती 'रन'वर. कारण 'रन म्हणजे धावणे' हे पहिलीपासून डोक्यात घट्ट बसलेलं. मग 'ही रन्स अ शॉप'चं 'तो दुकान पळवतो' होतं. परवा 'वी हॅव रन आऊट ऑफ शुगर'चं एकाने 'आमची साखर धावबाद झाली' केलं. क्रिकेटच्या हिशेबाने पोराचं काही चुकलेलं नाही!

एका ओळखीच्या शिक्षकांनी सुचवलं, अर्थांची यादी द्या आणि पाठ करून घ्या. मला ते पटत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. त्यातले पंचवीस निवडून पाठ करायला लावले तरी उताऱ्यात नेमका सव्विसावा येणार.

सध्या मी असं करते. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. घड्याळ चालतं, गिरणी चालते, नाटक वर्षभर चालतं, बस दर तासाला चालू असते. म्हणून 'रन' दिसला की आधी 'चालणे' लावून बघा, आणि पुढे कर्म असेल तर 'चालवणे'. दुकान, संस्था, मशीन, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, सगळं यात बसतं. पातळ पदार्थ असेल तर 'वाहणे': नदी, नळ, नाक. रस्ता, कुंपण, सरहद्द अशी लांबट वस्तू असेल तर 'जाणे'. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' म्हणजे रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. हे मुलांना लगेच कळलं. उलट नववीतल्या एकीने विचारलं, "मग रस्ता तरी कुठे जातो, तो तर तिथेच असतो ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अडचण याच्या पुढची आहे:
'डायबिटीस रन्स इन द फॅमिली', 'शी इज रनिंग अ टेंपरेचर', 'ही रॅन फॉर प्रेसिडेंट', 'अ रन ऑन द बँक'. इथे चालणे, वाहणे, जाणे काहीच लागू पडत नाही. ही वाक्यं आत्ता शिकवावीत की दहावीनंतर भेटतील तेव्हा बघू म्हणावं? आणि रन आऊट, रन इंटू, रन डाउन, रन ओव्हर ही मंडळी 'रन'खाली घ्यायची की वेगळी? वर्गात कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा असं सांगू नका, तो ही मुलं उघडत नाहीत.

प्रतिसाद १
वेगळी घ्या. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणे. यातून 'रन' सुटा काढून काही हाती लागत नाही. आणि त्याआधी एक तास 'लागणे'वर घालवा. तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, भाजी खारट लागते, तो माझा मामा लागतो. हे कुणी त्यांना यादी करून शिकवलेलं नाही. एकदा स्वतःच्या भाषेत हा पसारा दिसला की इंग्रजीवरचा राग जातो.

प्रतिसाद २
प्रेसिडेंटचं वाक्य जरूर घ्या, गंमत आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. आपल्याकडेही उभाच राहतो, त्यामुळे ब्रिटिश वाक्य मुलांना आपोआप कळेल. बँकेचं सोडून द्या. ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडते हे आधी समजावायला लागेल, शब्द नंतर.

धागाकर्ती
दोघांचे आभार. 'लागणे' उद्याच घेते. टेंपरेचरचं मात्र अजून राहिलं. 'तिला ताप आहे' आणि 'तिला ताप चढलाय' यातलं जवळचं कुठलं?

प्रतिसाद १
'ताप आहे'. 'चढलाय' म्हटलं की आत्ता वाढला असं वाटतं. थोडाच असेल तर 'अंगात कणकण आहे' लिहिलं तरी मार्क द्या.