राजकीय इस्लामशी बोलणी करून फ्रान्सने चूक केली का?

ल्योंकर:
गेली सात वर्षं इथे फ्रान्समध्ये आहे म्हणून लिहितोय. २००३ ला सार्कोझी गृहमंत्री असताना सरकारनेच पुढाकार घेऊन मुसलमानांची राष्ट्रीय परिषद उभी केली, कारण बोलायला कुणीतरी एक हवं होतं, आणि त्यात मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधून निघालेल्या राजकीय इस्लामी चळवळीच्या विचारांची मानली जाणारी संघटना चांगल्याच ताकदीने शिरली. शुक्रवारी नमाज पढून बाकी आठवडा बस चालवणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही, जे संघटित होते तेच 'समाज' ठरले. इथेच घोडं पेंड खातं.

सावंतवाडी:
साफ चूक. २००४ ला सरकारी शाळेत हिजाब बंद, २०१० ला चेहरा झाकायला बंदी, २०२३ ला त्याच शाळांत अबाया म्हणजे अंगभर सैल झगाही बंद, याला लाड म्हणतात का? आणि बाहेर काय केलं ते बघा ना. इजिप्तचे लष्करप्रमुख सिसींनी निवडून आलेल्या, ब्रदरहूडच्याच राष्ट्राध्यक्ष मोर्सींना २०१३ मध्ये हटवलं, कैरोच्या राबा चौकात एका दिवसात शेकडो माणसं मारली गेली, त्याच सिसींना मॅक्रॉननी डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान दिला. ब्रदरहूडला आसरा देणाऱ्या कतारने २०११ ला पॅरिसचा फुटबॉल क्लब घेतला तेव्हाही कुणाला तत्त्व आठवलं नाही. पैसा असला की चालतं, डोक्याला रुमाल असला की नाही.

रत्नागिरीची आपा:
माझी पुतणी तिकडे शिकते. रोज शाळेच्या फाटकाशी स्कार्फ काढून घडी करून दप्तरात ठेवते, सुटल्यावर तिथेच उभी राहून परत बांधते. तिला ना ब्रदरहूड माहीत ना परिषद, तिला गणितात मार्क हवेत. तुमच्या दोघांच्या वादात ती कुठे आहे सांगा.

ल्योंकर:
आपा, मी तिच्याच बाजूने बोलतोय हो, तिच्या वतीने दुसऱ्यांनी बोलू नये एवढंच. सावंतवाडी, सिसी आणि कतारचं तुमचं म्हणणं मान्य, तिथे मला उत्तर नाही. पण सॅम्युएल पाती विसरू नका. वर्गात पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली म्हणून त्या शिक्षकाविरुद्ध एका बापाने व्हिडिओ टाकले, त्याची मुलगी तर त्या तासाला वर्गात नव्हतीच, एक प्रचारक बापाच्या सोबतीला आला आणि १६ ऑक्टोबर २०२० ला शाळेजवळच पातींचा शिरच्छेद झाला.

सावंतवाडी:
पातींबद्दल दुमत नाहीच. पण डिसेंबर २०२४ ला कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, त्यात तो बाप आणि तो प्रचारक दोघंही होते. ज्यांनी केलं त्यांना शिक्षा झाली ना, मग आपाच्या पुतणीचा स्कार्फ दप्तरात कशासाठी?