मदत हवी आहे: लाकडी मॉस्किटो, १/२४ – धडाचे अर्धे भाग साच्यावरून काढले की फाकतात

सुरसागरकाठ (वडोदरा)

नमस्कार मंडळी. दे हॅविलँड मॉस्किटो एफबी ६ (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लाकडी विमान) चं मॉडेल चालू आहे. स्केल १/२४, म्हणजे पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ६८८ मिमी आणि लांबी साधारण ५२ सेंमी. शोकेसमध्ये ठेवायचंय, उडवायचं नाही. किट नाही, सगळं बालसा (अगदी हलकं लाकूड) आणि प्लायमध्ये. मूळ विमानासारखंच धड डावं-उजवं असं उभ्या दोन अर्ध्या भागांत करतोय.

साचा पाइनच्या फळ्या चिकटवून कोरलाय, कवचाच्या जाडीइतका बारीक ठेवून. वर पॅकिंगची ब्राउन टेप आणि मेण. त्यावर १.५ मिमी बालसाच्या ६ मिमी रुंद पट्ट्या, कडेला कड लावून, फेव्हिकॉलने. दुसऱ्या दिवशी घासून साच्यावरच बाहेरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलरचे दोन हात, टिश्यू कागद, मग पातळ केलेल्या लॅकरचे तीन हात. वाळल्यावर सोडवलं.

आता अडचणी. पंख बसतो त्या जागी अर्ध्या भागाच्या वरच्या-खालच्या कडा मिळून ७ मिमी फाकल्यात, शेपटीकडे जेमतेम १-२ मिमी. उजवा भाग डाव्यापेक्षा जास्त उघडलाय. नाकाजवळ दोन-तीन पट्ट्यांमधले जोड वरून दिसायला लागलेत. आणि लॅकर ठिकठिकाणी दुधासारखं पांढरं पडलंय. खोलीतला आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवतोय, बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही.

हे वाचवता येईल का, की पुन्हा पहिल्यापासून? आणि दोन्ही भाग जोडल्यावर मधली रेघ पुटीने पूर्ण बुजवायची की खऱ्या विमानावर ती दिसायची? रंगाचंही विचारून घेतो: आग्नेय आशियातली चंदेरी रंगसंगती डोक्यात आहे, आणि बडोद्याचंच मॉडेल म्हटल्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या बडोदा स्क्वॉड्रनची चिन्हं लावावीत असं वाटतंय.

पातळप्लाय (वडोदरा)

वाचेल. टाकू नका.

फाकण्याचं कारण पावसाळा कमी आणि लॅकर जास्त. नायट्रोसेल्युलोज वाळताना आक्रसतं, आणि वाळल्यावरही कित्येक आठवडे थोडं थोडं आक्रसत राहतं. तुम्ही ते फक्त बाहेरून दिलंत, वर टिश्यूही बाहेरूनच. आत नुसतं लाकूड, तेही टेपला चिकटून बसल्यामुळे फेव्हिकॉलचं पाणी धरून ठेवलेलं. साचा निघाला, बाहेरच्या कातडीने ओढलं, आतून विरोध करायला काही नाही. शेपटीकडे गोलाई घट्ट आणि व्यास लहान, म्हणून तिथे कमी. पंखाच्या जागी बाजू जवळजवळ सपाट आणि उंच, म्हणून तिथे सगळ्यात जास्त.

उजवा-डावा फरक बहुतेक बालसाचा आहे. उरलेल्या शीट वजन करून बघा. १.५ × १०० × १००० मिमीची शीट १५ ते २० ग्रॅम भरली तर हलका बालसा, धडाला हाच हवा. २५-२८ ग्रॅम भरली तर ती शीट पंखाच्या स्पारला (आतल्या लांब कण्याला) ठेवा. शिवाय रेषाही बघायच्या. ज्या शीटवर लांब सरळ रेषा दिसतात आणि आडवी वाकवली की सहज नळी होते, ती गोलाईला. ज्या शीटवर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसतात, ती वाकत नाही, तडकते. ती शेपटीच्या सपाट भागांना आणि रिबांना (आतल्या फासळ्यांना). नाकाजवळचे जोड याच दुसऱ्या जातीच्या पट्ट्या वळवल्यामुळे उघडले असणार. तिथे पट्ट्यांची रुंदी ६ वरून टोकाला ३ मिमीपर्यंत निमुळती करावी लागते. न करता दाबून बसवल्या की कडा एकमेकींवर चढतात आणि घासताना चढलेली कड कागदासारखी पातळ होते.

आता दुरुस्ती. साच्यावर परत चढवून बांधू नका. बाहेर लॅकर, आत टेप, मधलं पाणी जाणार कुठून? त्याऐवजी बाहेरून धरणारी कोंदणं करा. ६ मिमी एमडीएफची पाच, इंग्रजी यू आकाराची, त्या त्या जागच्या बाहेरच्या छेदापेक्षा प्रत्येक बाजूला १ मिमी आत. एका फळीवर अंतर मोजून उभी करा. कोंदणाच्या कडेला फोमची पट्टी, नाहीतर लॅकरवर वळ उठतात.

अर्ध्या भागाच्या आतून ओलसर स्पंज फिरवा. भिजवायचं नाही, फेव्हिकॉलचे जोड सुटतील. लाकडाचा रंग जरा गडद झाला की पुरे. ओलं असताना ते आणखी उघडेल, घाबरू नका. आतली बाजू फुगते म्हणून तसं होतं. तसंच कोंदणात दाबून बसवलं की फुगायला जागा न मिळाल्याने आतले तंतू दबतात, आणि वाळताना पहिल्यापेक्षा आखूड होतात. तेच आपल्याला हवंय. वर पंखा चालू ठेवून दोन दिवस तसंच राहू द्या. मग कोंदणात असतानाच आतून सीलरचे दोन हात, बाहेर दिले तेवढेच. आणि कोंदणातून काढायच्या आधी बल्कहेड (धडातले आडवे पडदे) चिकटवा.

हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. मूळ कारखान्यात साच्यालाच खाचा होत्या; बल्कहेड आधी त्या खाचांत बसायचे, मग त्यांवर आतला प्लाय, बालसा, बाहेरचा प्लाय. म्हणजे कवच साच्यावरून सुटायचं तेव्हा सातही बल्कहेड त्याला चिकटलेले असायचे. पुढच्या मॉडेलला साच्यातच ३ मिमीच्या खाचा पाडून ठेवा.

बल्कहेडला १.५ मिमी प्लाय. चिकटवायला ३० मिनिटांचं इपॉक्सी. पाणी नसलेला गोंद हवा, फेव्हिकॉल इथे पुन्हा ओल घालेल. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याच्या फडक्याने पुसल्याशिवाय वर काहीही लावू नका, नाहीतर रंग सालासारखा निघेल.

राजवाडाचौक (इंदूर)

पांढऱ्या लॅकरचं सांगतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या लॅकरमध्ये शिरते. सेल्युलोज त्यातून वेगळं पडून दुधाळ होतं. वाळलेलं लॅकर खराब झालेलं नसतं. आर्द्रता ६० च्या खाली असेल अशा वेळी त्या डागांवर नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला की वरचा थर विरघळून पुन्हा पारदर्शक बसतो. एसीच्या खोलीत काम उरकतं. एसी नसेल तर मोठा झाकणाचा डबा आणि अर्धा किलो सिलिका जेल; फवारून वास उडाला की मॉडेल लगेच आत. थिनर मात्र मंद उडणारा घ्या. पॉलिशवाले पावसाळ्यात रिटार्डर घालतात, दुकानात नाव सांगितलं की देतात. स्वस्त थिनर तर अशा हवेत हमखास पांढरं पाडतो.

आक्रसण्यावर जुना उपाय एरंडेल. १०० मिली पातळ लॅकरला २-३ मिली. थर लवचिक राहतो, ओढ कमी होते. त्याहून जास्त घातलं तर कधीच कडक होत नाही आणि वरचा रंग बोटाला लागतो. एरंडेलासाठी तरी गुजरातेत कुणाला वणवण करावी लागणार नाही!

आणि फवारताना खिडकी उघडी, तोंडाला कार्बनचा मास्क. स्वयंपाकघराच्या जवळपास नको, थिनरची वाफ पेट घेते.

सुरसागरकाठ (वडोदरा)

पातळप्लायजी, राजवाडाचौक, खूप आभार. शीट वजन केल्या: उजव्या बाजूच्या २६ ग्रॅमच्या निघाल्या, डाव्या बाजूच्या १८. कोंदणं उद्या कापतो. मधल्या रेघेचं आणि रंगाचं कुणी सांगेल का? पंख बसवण्याचा क्रमही हवा आहे. प्लॅनमध्ये पंख सलग एकच दाखवलाय.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रेघ पूर्ण बुजवा. खऱ्या विमानात दोन अर्धे जोडल्यावर जोडावर प्लायची पट्टी, मग सगळ्या धडावर मदापोलम नावाचं तलम सुती कापड, डोप (कापड ताणणारं लॅकर) आणि रंग. बाहेरून दिसायचं ते गुळगुळीत अंग. म्हणूनच मॉस्किटोवर पॅनलच्या रेघा आणि रिव्हेट कोरणं चूक. धातूचं जे आहे तिथेच त्या दाखवायच्या: इंजिनांची आवरणं, तपासणीची झाकणं, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या). सुकाणूवर कापड आहे, तिथे आतल्या रिबांचा अगदी पुसट उठाव चालेल. कापडाची वीण दाखवायच्या भानगडीत पडू नका, २४ ने भागल्यावर ती डोळ्याला दिसणारच नाही.

आतल्या बाजूने जोडाला ०.४ मिमी बर्च प्लायची ८ मिमी रुंद पट्टी, अर्धी एका भागाला आधी चिकटवलेली, अर्धी बाहेर डोकावणारी. दुसरा भाग तिच्यावर सरकतो. ही पट्टी नसेल तर पुटी कितीही चांगली असो, पहिल्या उन्हाळ्यात केसासारखी चीर जाते. जोडायच्या आधी कॉकपिटचा आतला भाग, सीट, वायर, रंग सगळं आटोपून घ्या. मूळ कारखान्यातही बरीचशी जोडणी अर्धे भाग उघडे असतानाच व्हायची.

रंगाचं. १२४ (बडोदा) स्क्वॉड्रन खरंच होतं, पण ते स्पिटफायर हे वेगळं लढाऊ विमान उडवायचं. मॉस्किटोवर त्यांची चिन्हं लावलीत तर जाणकार पहिल्याच नजरेत पकडणार. भारतातलंच एफबी ६ हवं तर ४५, ४७ किंवा ८२ स्क्वॉड्रन घ्या. चंदेरी रंग, पंखांवर आणि शेपटीवर गडद ओळखपट्टे, गोल चिन्हं गडद आणि फिकट निळ्या रंगात. जपानी चिन्हाशी गल्लत नको म्हणून लाल रंग काढलेला. ती चंदेरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा रंग, उघडा पत्रा नव्हे. आरशासारखा चकचकीत रंग मारू नका. बारीक कणांचा, किंचित मंद हवा.

इशारा एवढाच की चंदेरी रंग सगळी पापं उघडी करतो. हिरव्या-करड्यात लपलेली बालसाची रेष त्यात लख्ख दिसते. सीलरमध्ये टाल्कम मिसळून दोन हात, ३२० च्या पॉलिश पेपरने घासा, राखाडी प्रायमर, ६०० ने ओलं घासा, टॉर्च आडवी धरून बघा. सावली दिसली की पुन्हा प्रायमर. चाकांच्या पायांवर धक्के झेलणारा चकचकीत दांडाही दाखवू नका, मॉस्किटोच्या पायांत रबराचे ठोकळे होते.

पातळप्लाय (वडोदरा)

तुमच्या रंगसंगतीशी जुळणारी एक गोष्ट लष्करवाल्यांनी सोडली. १९४४ च्या अखेरीस भारतात मॉस्किटोचे काही अपघात झाले आणि पंखांच्या जोडांवर संशय आला. आधी उष्णता आणि पावसाळ्याला दोष दिला गेला, पुढच्या तपासात कारखान्यातल्या सदोष जोडणीवर बोट ठेवलं गेलं. उपाय म्हणून मुख्य स्पारजवळच्या कातडीच्या जोडावर लांबीच्या दिशेने प्लायची पट्टी बसवली, दुरुस्ती क्रमांक ६३८. तुम्ही निवडाल त्या विमानाच्या फोटोत ती पट्टी दिसत असेल तरच दाखवा, अंदाजाने नको. दाखवायची झाली तर प्रायमरचा एक जाड हात मास्किंग टेपच्या मध्ये द्या, एवढाच उठाव पुरतो.

आता पंख. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलगच करायचा, मध्ये कापायचा नाही. धडाच्या पोटाला पंखाएवढी खाच, पंख तिच्यात खालून जातो आणि पोटाचा कापलेला तुकडा परत बसतो. अडचण अशी की खाच पाडताच धडाचा सगळा जोर जातो आणि तुम्ही आत्ता सरळ केलेल्या कडा पुन्हा फाकतात. म्हणून खाच दोन्ही अर्धे जोडल्यानंतर पाडा, आधी नाही. कापण्यापूर्वी खाचेच्या दोन्ही टोकांना पूर्ण बल्कहेड हवेत, आणि खाचेच्या वरच्या कडेला आतून ३ × ५ मिमी स्प्रूसची काडी, दोन बल्कहेडच्या पलीकडे २० मिमी जाईल इतकी लांब. कापताना पोटाचा तुकडा एकसंध काढा, बारीक दातांच्या करवतीने. कटर फिरवला तर बालसा चुरडतो आणि परत बसवताना १ मिमीची फट राहते.

पंख कोरडा बसवून बघा. दोन्ही टोकांपासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोऱ्याने माप घ्या, दोन्ही अंतरं सारखी येईपर्यंत खाच कानसेने सुधारा. समोरून बघून आडवी शेपटी आणि पंख समांतर आहेत का तेही आत्ताच तपासा, कारण आडवी शेपटी नंतर पंखाच्या हिशोबाने बसवता येते, पंख शेपटीच्या हिशोबाने नाही. इंजिनांची आवरणं पंखाला आधी चिकटवली तर खाचेत शिरताना अडतात का हे कोरड्या जोडणीत बघा. १/२४ ला धड आणि आवरण यांच्यामध्ये बोटं जातात, पण क्लॅम्प जात नाही. आवरणं नंतरच लावलेली बरी.