अनुभव धागा : बाहेरून झगमगाट, आतून तोटा

जमाखर्च :
परवा वीवर्कबद्दल वाचत होते, ती ऑफिसच्या जागा भाड्याने देणारी अमेरिकन कंपनी. जानेवारी २०१९ मध्ये मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर, त्याच वर्षी सप्टेंबरात आयपीओ (शेअर पहिल्यांदा बाजारात विकायचा बेत) मागे, नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मार्केटिंग आणि प्रशासनाचा खर्च वगळून ते नफ्याचा एक वेगळाच आकडा दाखवायचे. वाचताना माझी पहिली नोकरी आठवली. मी अकाउंट्सला होते. विक्रीच्या आलेखातून परत आलेला माल कधी वजाच व्हायचा नाही. प्रत्येक ऑर्डरमागे तोटा, तरी रिसेप्शन पुन्हा नव्याने सजवलं. पैसे संपले तेव्हा आधी शिपाईकाकांना काढलं. अजून राग येतो. तुम्हीही लिहा.

पुरवठादार :
आमच्याकडून माल घेणारी एक कंपनी अशीच. ९० दिवसांची उधारी मागायचे आणि त्याच आठवड्यात पुरस्कार घेतानाचे फोटो टाकायचे. इकडे आमचे कारागीर पगारासाठी खोळंबलेले. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". पुरस्काराच्या यादीत यायलाही पैसे भरले होते म्हणे. बाकी नंतर लिहितो, गाडी आलीये माल घ्यायला.

उनाडपाऊस :
काकांचं पुढे काय झालं?

जमाखर्च :
दुसरीकडे लागले, बरं चाललंय. थकलेला पगार मात्र बुडाला तो बुडालाच.

दुपारची_शिफ्ट :
दादाचं हेच झालं. गुंतवणूकदारांवर छाप पडावी म्हणून हप्त्यांवर मोठी गाडी. हप्ते वहिनीच्या पगारातून. कंपनी बंद झाली तरी प्रोफाइलवर 'संस्थापक' तसंच आहे. वहिनी कुणाला काही बोलत नाही, मला फार वाईट वाटतं तिचं.

उनाडपाऊस :
वहिनींना सांग, जामीनदार म्हणून सही केली असेल तर कागद आधी वकिलाला दाखव. खरंच सांग.

पाटी_पेन्सिल :
थोडं वेगळं मत. नव्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही, नीटनेटकं ऑफिस लागतंच. पण चांगली पाटी लावणं वेगळं आणि खोटे आकडे दाखवणं वेगळं. मेलचिंप ही ईमेल मार्केटिंगची कंपनी २००१ पासून बाहेरचं भांडवल न घेता वाढली, २०२१ मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. तेही जमतं की.

पुरवठादार :
आलो परत. @जमाखर्च, येणं-देणं तारखेनुसार दिसेल अशी एक्सेल आहे का तुमच्याकडे? मुलीने नवीन काम सुरू केलंय, तिला पहिल्यापासून सवय लावायचीये.

जमाखर्च :
आहे. रात्री पाठवते.