गूगलने बातम्यांचे पैसे द्यावेत? पण कोणाला?

टोरांटोकर:
"आमच्या बातम्यांवर गूगल-फेसबुक गब्बर झाले, भारतानेही कॅनडासारखा कायदा आणावा" ही परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा. अहो, मी त्या कॅनडातच राहतो. गूगल-फेसबुकने बातम्यांसाठी वृत्तमाध्यमांना पैसे द्यावेत, असा कायदा जून २०२३ मध्ये मंजूर झाला आणि ऑगस्ट उजाडताच फेसबुकची मालक कंपनी मेटाने फेसबुक-इन्स्टावरच्या बातम्याच बंद करून टाकल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे अख्खं यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. बातमीची लिंक टाकता येईना, म्हणून लोक स्क्रीनशॉट फिरवत होते. गूगल वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर कबूल करून मोकळं झालं. गावोगावच्या छोट्या पोर्टलांचा फेसबुकवरून येणारा वाचक मात्र गेला तो गेलाच. हवाय हा कायदा?

निवृत्त_उपसंपादक:
मग लुटू द्यायचं? २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात असाच कायदा येत असताना तिथेही फेसबुकने हीच दादागिरी केली, हवामान खात्याचं पानसुद्धा बंद पाडलं. आठवडाभरात मुकाट परतले, वृत्तमाध्यमांशी पैसे देण्याचे करार केले. २०१९ च्या महापुरात सांगलीला आमचा वार्ताहर रात्रभर बोटीतून फिरला. सकाळी तीच बातमी ढीगभर पोर्टलांवर, शब्दही न बदलता. जाहिरातीची मलई गूगलला.

टोरांटोकर:
परतले ते सरकारने कायदा मवाळ केल्यावर. आणि मार्च २०२४ मध्ये 'करार पुन्हा करणार नाही' असं मेटाने सांगून टाकलं, तेही लिहा की साहेब. बातमी चोरली पोर्टलांनी, बिल गूगलच्या नावावर?

माजी_बोरूबहाद्दर:
उपसंपादक साहेब, त्या बोटीतल्या माणसाला दिलेत किती? मी तालुका वार्ताहर होतो. मानधन पेट्रोललाही पुरायचं नाही. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली की जाहिरातींचं टार्गेट आमच्याच डोक्यावर. ज्याच्याकडून अर्धं पान आणायचं, त्याच्या वाळूच्या ट्रकांची बातमी लावणार कशी?

सदाशिवपेठी_ताई:
छापील पेपरवर जीएसटी शून्य, ऑनलाइन वर्गणीवर १८ टक्के. एवढं भरून आत जावं, तर "वाचून बसेल धक्का" आणि बातमीच्या मधोमध गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. आधी ते आवरा, मग गूगलकडे हात पसरा.

निवृत्त_उपसंपादक:
ताई, विषय काय, बोलताय काय! आणि बोरूबहाद्दर, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एवढा त्रास होता तर तुम्हाला बळजबरी कोणी केली होती?

माजी_बोरूबहाद्दर:
बळजबरी कसली! गाडीवर 'प्रेस' लिहायला मिळायचं ना. त्यावरच तर तुमचे मालक आमच्यासारख्यांना वर्षानुवर्षं राबवतात.

निवृत्त_उपसंपादक:
बरं बाबा, मानधन कमी होतं. झालं समाधान? म्हणून गूगल काही धुतल्या तांदळाचं ठरत नाही.

माजी_बोरूबहाद्दर:
नाहीच ठरत. घ्या की पैसे, अगदी मानगूट धरून घ्या. फक्त कायद्यात एक कलम टाका: निम्मी रक्कम थेट वार्ताहराच्या बँक खात्यात. मग बघू, 'हा कायदा नको' म्हणत दिल्लीला पहिलं शिष्टमंडळ कोणाचं जातं ते.